पाडवा ते दसरा: ऊसतोड वस्तीत हक्कांचं काम कसं सुरू करावं

10 डिसेंबरला मानवी हक्क दिन असतो. जिल्ह्याच्या गावी प्रभातफेरी निघते, शाळेत निबंध लिहून घेतात, एखाद्या सभागृहात हारतुरे होतात. त्याच दिवशी बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार अशा एखाद्या तालुक्यातल्या ऊसतोड वस्तीवर जाऊन बघा. एकामागून एक दारांना कुलपं. ओट्यावर एखादी आजी, तिच्या अंगाखांद्यावर दोन नातवंडं, दावणीला एक शेळी. बाकीचं घर सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात. 26 नोव्हेंबरचा संविधान दिन असाच जातो, 26 जानेवारीची ग्रामसभाही अशीच.

मी या कामात उतरले तेव्हा माझा पहिला हंगाम याच दिवसांत वाया गेला. पिशवीत छापील पत्रकं, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या 30 कलमांचं पोस्टर, आणि समोर ऐकायला फक्त आज्या. त्यांनी चहा पाजला आणि एवढंच सांगितलं, "पाडव्याला ये."

हा लेख पहिल्यांदाच असं काम करू पाहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही महाविद्यालयातून आलेले असाल, एखाद्या संस्थेत नुकते लागलेले असाल किंवा त्याच वस्तीत वाढलेले असाल. उदाहरण ऊसतोडीचं घेतलं, कारण मला तेच नीट माहीत आहे. वीटभट्टी, कोळीवाडा किंवा शहरातली चाळ असेल तर महिने बदलून घ्या.

आधी वस्तीचं कॅलेंडर काढा

ऊसतोड कुटुंबाचं वर्ष दसरा-दिवाळीला सुरू होतं. कारखान्याचा हंगाम लागला की टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे तुमच्या हातात पाडवा ते दसरा एवढाच काळ. त्यातही मे महिना लग्नांचा, जूनमध्ये पेरणी. निवांत बसून बोलायला जुलै ते सप्टेंबर बरे, आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात मुकादमाकडून, म्हणजे कारखान्याला टोळ्या पुरवणाऱ्याकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेण्याचे व्यवहार ठरत असतात.

ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. यातली पहिली तुमच्या कामाची नाही, उरलेल्या तिन्ही आहेत. मुलांची वसतिगृहं, रेशन, ओळखपत्रं असले विषय 15 ऑगस्टला मांडायचे, म्हणजे 2 ऑक्टोबरला "काय झालं त्याचं?" असं विचारता येतं. टोळ्या हलण्याआधीची ती शेवटची सभा. हे एवढं साधं गणित मला दुसऱ्या वर्षी कळलं.

जाळं नवं विणू नका

नवीन माणसाची पहिली हौस म्हणजे नवी समिती काढणं. तिला नाव, लेटरहेड, अध्यक्ष, सचिव. दोन महिन्यांत अध्यक्ष आणि सचिव एकमेकांशी बोलत नसतात. वस्तीत जाळी आधीच असतात, त्यांतून चालायला शिका.

सगळ्यात भक्कम जाळं बचत गटांचं. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे, म्हणजे 'उमेद'चे गट असतील तर दहा-बारा बायका नेमानं बसतात, हिशेबाची वही असते, गटांचा ग्रामसंघ असतो, त्यावर प्रभागसंघ. गटांना मदत करायला गावोगाव फिरणारी सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई असते. तिला सगळी घरं, सगळी कर्जं आणि सगळी भांडणं माहीत असतात. काही ठिकाणी 'माविम'चे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) गट असतात. गटाच्या बैठकीत स्वतःसाठी पंधरा मिनिटं मागा, तासभर मागू नका. हप्त्याचा हिशेब झाल्यावर बायकांना घरी जाऊन भाकरी थापायच्या असतात.

मग आशाताई आणि अंगणवाडीताई. या दोघींना घराच्या आत जाता येतं. पण त्यांच्यावर आधीच इतक्या सर्वेक्षणांचं ओझं असतं, की तुम्ही आणखी एक फॉर्म घेऊन गेलात तर त्या दार लावून घेतील. त्यांचं एखादं काम हलकं करा. लसीकरणाच्या दिवशी रांग लावायला उभं राहा. मैत्री तिथून होते.

बाकीची जाळी कागदावर नसतात. पिठाची गिरणी, रेशन दुकानापुढची रांग, हरिनाम सप्ताहातली भाजी चिरणारी बायकांची पंगत, भजनी मंडळ, क्रिकेटची टीम. बातमी याच वाटांनी फिरते. एका कागदावर वस्तीचा नकाशा काढा आणि कोण कुठं, कधी, कुणाबरोबर बसतं ते टिपा. मग उरलेल्या घरांकडं बघा. कुठल्याच गटात नसलेली एकटी बाई, वस्तीच्या कडेला राहिलेलं पारध्याचं घर, ऐकू न येणारा म्हातारा. नकाशाबाहेर राहिलेल्यांनाच हक्कांची गरज जास्त असते आणि कुठल्याही जाळ्यातून माहिती त्यांच्यापर्यंत आपोआप जात नाही. तिथं स्वतः चालत जावं लागतं.

मुकादमाचं काय, असं नवे लोक हमखास विचारतात. त्याला पहिल्या दिवशीच खलनायक ठरवू नका. तो याच वस्तीतला असतो, कुणाचा तरी मेहुणा असतो, आणि कारखान्याकडून घेतलेल्या पैशांचा भार त्याच्या डोक्यावरही असतो. त्याला रामराम घाला, मात्र त्याच्या ओट्यावर बैठक घेऊ नका. तिथं एकही बाई खरं बोलणार नाही.

एक हक्क, एक कागद

माझ्या पहिल्या खऱ्याखुऱ्या बैठकीत मी संविधानापासून सुरुवात केली. समता, स्वातंत्र्य, प्रतिष्ठा. पाचव्या मिनिटाला एक मावशी म्हणाल्या, "ताई, ते असू द्या. मशिनीवर माझा अंगठाच उठंना, त्याचं काय करता?"

कोयता धरून धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन ठसा ओळखत नाही आणि दुकानदार "पुढच्या महिन्यात या" म्हणतो. त्या दिवशी पोस्टर गुंडाळून ठेवलं आणि आम्ही रेशनवर बोललो. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय कार्डाला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत. मशीनमधून पावती निघते, ती मागायची. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या 18 वर्षांवरच्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव असावं, असं कायदाच म्हणतो. हे वाक्य वाचून दाखवलं तेव्हा बैठकीत पहिल्यांदा कुजबुज झाली. पुढच्या आठवड्यात चौघीजणी आपापली कार्डं घेऊन आल्या.

सुरुवातीला एकच विषय घ्या. त्याचा कागद काय, तो कुठल्या टेबलावर जातो, किती दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढं कोण, एवढं स्वतः पक्कं करा. शक्य असेल तर वस्तीतल्या कुणासोबत तहसीलच्या पुरवठा शाखेत स्वतः जाऊन या. ज्या रांगेत तुम्ही उभे राहिला नाहीत तिच्याबद्दल भाषण करू नका.

हक्क कागदावर असणं आणि तो हाताला लागणं यांतलं अंतर आपल्याकडं किती असतं, हे महाडच्या तळ्याइतकं दुसरं काही सांगत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं 1923 मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनं पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं असल्याचा ठरावही केला. तरी 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर परिषदेच्या लोकांसोबत तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले, तोवर त्या ठरावाचा कुणालाच उपयोग नव्हता. त्यानंतरही वाद न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं. ही गोष्ट वस्तीत सांगून बघा. तारखा लोक विसरतील. "ठराव होता, पण प्यालं कोण?" हा प्रश्न मात्र लक्षात राहतो, आणि मग रेशनची पावती मागायला जाणारी बाई त्या रांगेत तितकी एकटी नसते.

ऊसतोड वस्तीत कामाला येणारे चार विषय

रेशन झालंच. त्यातली एक गोष्ट निघण्याआधी सांगितलीच पाहिजे. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत कामाच्या गावातल्या, परराज्यातल्यासुद्धा, रेशन दुकानातून धान्य उचलता येतं. काही माणसांचं तिकडं आणि मागं राहिलेल्या आजीचं इकडं, असंही करता येतं. त्यासाठी कार्डाला आधार जोडलेलं हवं. हे काम सप्टेंबरात करून घ्यायचं. फडात गेल्यावर होत नाही.

दुसरा विषय मुलांचा. आईबापाबरोबर गेलेलं पोर उसाची वाढी (शेंडे) गोळा करतं किंवा कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळतं, आणि परत येतं तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. 6 ते 14 वयाच्या मुलाला शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, पण वस्तीत प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो: "पोरगी मागं ठेवली तर तिच्याकडं बघणार कोण?" याचं उत्तर कलमात नाही, ते वसतिगृहात आहे. शाळेकडून चालणारी हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबा यांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी काढलेली शासकीय वसतिगृहं आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात, तेव्हा मागणी तिथून आणि ग्रामसभेतून गेली पाहिजे. वयात आलेल्या मुलीला मागं ठेवायची भीती आणि बालविवाह हे एकाच दोरीचे दोन पीळ आहेत. "कायद्यानं गुन्हा आहे" एवढंच बोलून परत आलात तर लग्न रात्री उरकतात. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी ग्रामसेवकाची असते (या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), हे बहुतेक गावांत खुद्द सरपंचाला ठाऊक नसतं.

तिसरा विषय दवाखाना, आणि याला मी सगळ्यात जास्त वेळ देते. 2019 साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत जिल्ह्यातल्या 13,000 हून अधिक ऊसतोड बायकांची 'पिशवी' काढलेली निघाली. त्यामागं दवाखान्यांची लालूच होती तशी 'खाड्या'ची भीतीही होती. एक दिवस काम चुकलं की खाडा लागतो, पैसे कापले जातात, आणि पाळीच्या दिवसांत फडात ना पाणी, ना आडोसा. अशा बाईला कुणी सांगितलं की पिशवी काढली की कटकट मिटते, तर ती ऐकते. तिला अडाणी म्हणणाऱ्या शहरी पाहुण्याला मी परत वस्तीवर नेत नाही.

इथं बोलायचं ते असं. दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. कागदावर सही किंवा अंगठा घेण्याआधी काय करणार आहेत हे आपल्या भाषेत समजावून सांगायला हवं. आपल्या तपासण्यांचे कागद आपले असतात. खासगी रुग्णालयानं रुग्ण हक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावणं राज्याच्या 2021 च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. आशाताईला सोबत घेऊन हे बोला, कारण प्रश्न शेवटी तिच्याच दारात येणार. महाराष्ट्रात 2007 पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम झालेलं आहे. गावकऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राची पाहणी करायची, प्रगतिपुस्तक भरायचं, मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बोलायचं. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत त्याची सुरुवात झाली. आरोग्य केंद्रात औषधं आहेत का, बाळंतपणाच्या खोलीत पाणी आहे का, एवढं जरी बायकांनी दर महिन्याला पाहिलं आणि वहीत लिहिलं, तरी डॉक्टरांचा सूर बदलतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

चौथा विषय पोलीस. फडात भांडण होतं, उचल फेडली नाही म्हणून कुणाला डांबून ठेवल्याची बातमी येते, परक्या जिल्ह्यातलं पोलीस ठाणं ओळखीचं नसतं. चार गोष्टी पाठ करून घ्या. गुन्हा कुठंही घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो स्पष्ट लिहिला आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. अटक झाली तर कारण सांगायला हवं, वकील गाठू द्यायला हवा आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करायला हवं. हे तर संविधानाच्या 22 व्या कलमातच आहे. आणि बाईला साक्ष-जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं. कर्जापायी माणसाला अडकवून ठेवणं ही वेठबिगारी आहे, त्यासाठी 1976 चा कायदा आहे, आणि त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडं, तहसीलदारांकडंही करता येते.

बैठकीत बोलायचं कसं

एका बैठकीत एकीनं विचारलं, "मानवी हक्क म्हंजे बाप्यांचे हक्क का?" सगळ्या हसल्या. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्क जाहीरनाम्याचा मसुदा होत असताना पहिल्या कलमात 'सगळे पुरुष' असा अर्थ निघेल असा शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरून तिथं 'सगळी माणसं' करून घेतलं. ही गोष्ट मी आता प्रत्येक गटात सांगते. एका बाईनं जगाच्या कागदावरचा शब्द बदलून घेतला, तर तुम्ही रेशन कार्डावरचं नाव का बदलू नये?

भाषा वस्तीची ठेवा. बंजारा तांड्यावर त्यांची गोरमाटी बोली बोलणारी कुणी सोबत हवी. 'लाभार्थी' हा शब्द मी वापरत नाही, त्यात हात पसरल्यासारखं वाटतं. वेळ बायकांना विचारून ठरवा, बहुधा जेवणं उरकल्यावरची रात्र निघते. पुरुषांची वेगळी बैठक घ्या, नाहीतर घरी गेल्यावर बाईला "काय शिकवलं तुला?" याचा जाब द्यावा लागतो. गाणं, भारूड, छोटं पथनाट्य हे भाषणापेक्षा चांगलं चालतं. सत्यशोधकांनी आणि आंबेडकरी चळवळीनं जलशातूनच खेडी जागी केली. पण नाटक वस्तीतल्या पोरांनीच बसवलेलं असू द्या. शहरातून आलेल्या पथकाचं कौतुक होतं, नंतर ते टेम्पोत बसून निघून जातं.

व्हॉट्सॲपचा गट करायचाच असेल तर दोन नियम. कुणाच्याही तक्रारीचा फोटो किंवा नाव त्यावर टाकायचं नाही, आणि सुप्रभातची फुलं नकोत. दुसरा नियम आजवर कुणालाही पाळता आलेला नाही.

पहिला अर्ज

दोन-तीन बैठकांनंतर काहीतरी हाताला लागलं पाहिजे, नाहीतर लोक यायचे थांबतात. अर्ज लहान, जिंकता येण्यासारखा निवडा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज बरा: 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तर 30 दिवसांत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवायचा असतो. नवे कार्यकर्ते इथं चार पानं लिहितात आणि अर्ज परत येतो. "या गावातल्या किती ऊसतोड कामगारांची नोंद झाली, किती जणांना ओळखपत्रं दिली?" एवढा एक प्रश्न पुरे. दाखल्यांसाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिलेले आहेत.

अर्ज ज्याचा, त्यानंच द्यायचा. तुम्ही शेजारी उभं राहायचं. आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख. पहिली पोच ज्या बाईच्या हातात येते ती ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डाशेजारी ठेवते. नंतर तिच पुढच्या बाईला घेऊन जाते. तुमचं जाळं तिथून चालू झालं असं समजा.

ग्रामसभेत विषय मांडायचा असेल तर आधीची महिला सभा सोडू नका. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणं कायद्यानं ठरलेलं आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवरच होते. तिथला ठराव लिहून घेतला तर मोठ्या सभेत तो बाजूला सारणं अवघड जातं. ठरावात ताकद असते: कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाची वाट आणखी वेगळी. तिथं ग्रामसभेआधी अभ्यासगट बसतो, विषय खोदून काढतो, आणि निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं होतो. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. आपल्या वस्तीत चार जणांचा अभ्यासगट जमला तरी खूप झालं.

कुठं थांबायचं

ही पायरी लोक गाळतात, म्हणून जरा खडसावून लिहिते.

घरातल्या मारहाणीची, अत्याचाराची गोष्ट बैठकीत उघड निघू लागली तर विषय थांबवा आणि त्या बाईशी नंतर एकटीशी बोला. तिनं काय करायचं हे ती ठरवेल. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, त्यांचा नंबर तिच्याकडं असू द्या. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 'पोक्सो' कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलाची ओळख पटेल असं काहीही, शाळेचं नावसुद्धा, कुठं जाता कामा नये. बलात्काराच्या किंवा ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात गावकीत किंवा तंटामुक्तीच्या नावाखाली "मिटवून टाका" म्हणणारे येतील. त्या बैठकीला तुम्ही जाऊच नका. तुमच्या उपस्थितीनं तडजोडीला वजन येतं.

तक्रार केली म्हणून कुणाला वाळीत टाकलं, दुकानातून माल बंद केला, लग्नकार्याला बोलवायचं नाही असं ठरवलं, तर त्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा आहे. तो जुलै 2017 पासून लागू आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. पण कायदा येईपर्यंत त्या घराला पीठ कुठून मिळणार, याचा विचार अर्ज करण्याआधी झालेला असावा. तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं परत जाता. ते घर तिथंच राहतं.

आणि एक. 'मानवाधिकार' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं ओळखपत्र, गाडीवर पाटी, अशोकस्तंभाशी मिळतंजुळतं चिन्ह असलं काहीतरी पैसे घेऊन देणारी माणसं तुम्हाला भेटतील. घेऊ नका. राजमुद्रेचा असा वापर 2005 च्या कायद्यानं मना आहे, आणि असल्या कार्डांच्या जोरावर पोलीस ठाण्यात दमदाटी करणाऱ्यांमुळं खरं काम करणाऱ्यांकडं संशयानं बघितलं जातं.

कुठलं दार कशासाठी

अंगणवाडीच्या किंवा गिरणीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं एवढं लिहून घ्या. तातडीला 112. बायकांसाठी 181. मुलांसाठी 1098. मोफत कायदेशीर मदतीला 15100. ॲट्रॉसिटीसाठी 14566. वृद्धांसाठी 14567. कागद चिकटवला तर पहिल्या पावसात जातो.

तालुका विधी सेवा समितीची ओळख लवकर करून घ्या. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, दिव्यांग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. समिती गावात शिबिरही घेते. शिबिराची तारीख तुम्ही सुचवा, नाहीतर ती डिसेंबरात पडेल. वस्तीतल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीला विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्यायला सांगा.

राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे. तिथं तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही, पण घटनेपासून वर्षाच्या आत जायला हवं आणि प्रकरण सरकारी नोकराच्या अन्यायाचं किंवा हलगर्जीचं असावं. शेजाऱ्याच्या बांधाचा वाद तिथं चालत नाही. आयोग चौकशी करतो, शिफारस करतो, शिक्षा देत नाही. हे आधीच सांगा. नाहीतर वस्ती निकालाची वाट बघत बसते आणि राग तुमच्यावर निघतो.

वही

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. डाव्या पानावर तारीख, कोण आलं, काय विचारलं. उजव्या पानावर अर्ज कुठला, पोच क्रमांक, पुढची तारीख. किती माणसं 'जागृत' झाली असला रकाना नको. तो देणगीदारांच्या अहवालात भरतात आणि खोटा भरतात. त्याऐवजी या वर्षी स्वतःहून टेबलापर्यंत कोण गेली, तेवढं लिहा. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वहीत अशी नऊ नावं आहेत. त्यातल्या दोघी आता माझ्याशिवाय जातात, आणि एक तर मला सांगतसुद्धा नाही.

वही तुमच्या घरी नेऊ नका. बचत गटाच्या पेटीत ठेवा, पण तक्रारींची नावं तिच्यात लिहू नका, ती वेगळी. दसऱ्याला टोळ्या निघण्याच्या आदल्या आठवड्यात शेवटची बैठक घ्या: कुणाचं आधार जोडायचं राहिलं, लसीकरणाचं कार्ड कुणी सोबत घेतलं, कोणत्या कारखान्याला कोण चाललं, तिकडून फोन कुणाला करायचा. मुकादमाचं नाव आणि उचलीची रक्कम प्रत्येकीनं स्वतःच्या चिठ्ठीवर लिहून मागं राहणाऱ्या आजीकडं द्यायची. मग पेटीला कुलूप. चावी आजीच्या कमरेला.